कारणाचा रकाना

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमच्या काटोलच्या घरी पाटावर तीन वस्तू मांडतात. एक चांदीचा रुपया, दुसरी हिशेबाची वही आणि तिसरी नवी शिराई. पुण्या-मुंबईकडची माणसे तिला केरसुणी म्हणतात. आमच्या विदर्भात ती शिराई. शिंदीच्या पानांची, बाजारातून त्याच दिवशी आणलेली, अजून धुळीला न शिवलेली. तिला हळदकुंकू वाहायचे, तिच्यापुढे लाह्या-बत्तासे ठेवायचे आणि लक्ष्मी म्हणून नमस्कार करायचा.

लग्न होऊन मी या घरात आले ते १९७४ साली. त्या पहिल्या दिवाळीत मला या मांडणीची मोठी मौज वाटली होती. पैसा आणि झाडू एकाच पाटावर! कुणी शहाण्या पूर्वजाने घर चालवण्याचे सारे शास्त्र त्या पाटावर मांडून ठेवले आहे, असे मी मनाशी म्हटले. पाट एक असला तरी वाटणी अगदी स्वच्छ आहे, हे कळायला मला फार दिवस लागले नाहीत. रुपया आणि वही मामंजींची. शिराई सासूबाईंची आणि माझी.

मामंजी कचेरीत कारकून होते आणि निवृत्त झाल्यावरही त्यांनी कारकुनी सोडली नव्हती. लाल कापडी पुठ्ठ्याची लांबट वही, वर ‘श्री’, डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. खर्चाच्या बाजूला त्यांनी स्वतःच्या कल्पनेने आणखी एक रकाना आखला होता. त्याच्या माथ्यावर सुबक अक्षरात लिहिलेले असे, ‘कारण’. पैसे कुणी मागितले, किती मागितले, एवढ्यावर त्यांचे समाधान होत नसे. का मागितले, हेही वहीला कळले पाहिजे, असा त्यांचा दंडक होता.

माणूस मात्र कंजूष नव्हता, हे मला आधीच सांगून टाकले पाहिजे. ते हिशेबावर प्रेम करणारे होते, आणि प्रेमात माणूस थोडा चमत्कारिक वागतो. १ एप्रिल १९५७ ला देशात दशमान नाणी आली तेव्हाची त्यांची एक गोष्ट घरात अजून सांगतात. तोवर रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे आणि एकशे ब्याण्णव पै. आता एकदम शंभर नवे पैसे. एका आण्याचे खरे तर सव्वासहा नवे पैसे होतात, पण बाजारात सहाच धरीत. चार आण्यांचे मात्र पुरते पंचवीस. मामंजींनी तेव्हा सासूबाईंना बजावले होते, की सांबार एकदम चार आण्यांचा आणू नये, चार दिवस रोज एकेक आण्याचा आणावा, म्हणजे चोवीसच पैसे पडतात आणि एक वाचतो. (आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, पाहुण्या वाचकांचा घोटाळा होऊ नये म्हणून सांगते.) त्या एका पैशासाठी सासूबाईंना गुजरीत चार खेपा माराव्या लागत. त्या खेपांचा रकाना वहीत नव्हता.

काटोलमध्ये पैशाची दोन पंचांगे चालतात. ज्यांच्या घरी नोकरी, त्यांचा महिना एक तारखेला उगवतो. ज्यांच्या घरी संत्री, त्यांचा बहराला. आंबिया बहराची फळे दिवाळीच्या सुमारास उतरू लागतात, मृगाची संक्रांतीनंतर. व्यापारी झाडावरच बाग बोलतो, बयाणा देतो आणि उरलेली रक्कम तोडणीच्या वेळी. त्यामुळे किराणेवाल्याच्या उधारीच्या वहीत ‘एक तारखेला’ इतकेच ‘बहराला देतो’ हे वचनही चालते. आमच्या घरात दोन्ही पंचांगे होती. ह्यांची शाळामास्तरकी होती आणि वडिलोपार्जित शंभरेक झाडे होती. एक तारखेला हे पगाराचे पाकीट न उघडता मामंजींच्या हातात ठेवीत. मामंजी ते देवापुढे ठेवीत, मग मोजीत, मग वहीत चढवीत आणि लोखंडी पेटीत टाकून किल्ली जानव्याला बांधीत.

बाकी घर चालायचे ते शिराईच्या जोरावर. उन्हाळ्यात वर्षाचे गहू, ज्वारी, तूर घ्यायची. गच्चीवर कडक ऊन द्यायचे. तूर भिजवून, वाळवून, जात्यावर भरडून घरची डाळ करायची आणि एरंडेलाचा हात फिरवून डब्यात भरायची. धान्यात कडुनिंबाचा पाला घालायचा. कुरडया, सांडगे, शेवया, सरगुंडे, लिंबाचे आणि कैरीचे लोणचे. रेशनचे रॉकेल, नळाचे पाणी, गाईचे शेण, पाहुण्यांची अंथरुणे. या सगळ्याने वहीतला खर्च कमी होई; आणि कमी झालेला खर्च वहीत दिसत नाही, हीच तर वहीची खोड आहे.

आणि मला पैसे लागले, की मी मामंजींच्या दाराशी पदर सावरून उभी राही.

“किती?”

“आठ आणे.”

“कारण?”

पहिल्यांदा मी सांगितले, “पिना.” त्यांनी लिहिले, ‘सूनबाई, केसांच्या पिना, ५० पैसे.’ रागाने नाही, टोमण्याने नाही. उलट अक्षर इतके सुंदर, की पिनांना शोभा आली. पण त्या ओळीकडे पाहून माझ्या पोटात खड्डा पडला. बायकांची काही कारणे अशी असतात, की ती सासऱ्याला सांगता येत नाहीत. मग मी त्या कारणांनाही पिनाच म्हणू लागले. १९७५ सालची ती वही आज पाहिली, तर माझ्या डोक्यावर तेव्हा केसांपेक्षा पिनाच जास्त होत्या असे कुणालाही वाटेल.

लग्नानंतर दोनेक वर्षांनी एका दुपारी वर्ध्याहून तार आली. वडील आजारी होते; ताबडतोब ये, असा मजकूर होता. हे परीक्षेच्या कामावर बाहेरगावी गेले होते. मामंजी पेन्शनच्या कामासाठी नागपूरला गेले होते, आणि किल्ली जिथे असायची तिथेच, म्हणजे त्यांच्याबरोबर. नागपूरकडे जाणारी गाडी तासाभरात होती. मी पिशवी भरली, पातळ बदलले आणि माजघरात खाली बसले. घरात पगारही होता, बहराचा बयाणाही होता; पेटी समोर दिसत होती. आणि माझ्याजवळ तिकिटापुरते पैसे नव्हते. त्या पेटीकडे पाहत मी जी रडले, ती वडिलांसाठी किती आणि स्वतःसाठी किती, हे आजही मला सांगता येणार नाही.

सासूबाई आतून आल्या. चार बुके शिकलेल्या नव्हत्या आणि बोलतही थोडे. त्यांनी माझ्याकडे पाहिले, पेटीकडे पाहिले आणि कोठीघरात गेल्या. ज्वारीच्या कोठीत कोपरापर्यंत हात घालून त्यांनी एक लहानशी कापडी पिशवी वर काढली. तिच्यातली दहाची नोट माझ्या मुठीत दाबली.

“रडते काऊन व? हे घे अन् पळ टेशनावर. अन् वहीत नको सांगू, बाप्पा.”

दोन्ही गाड्यांची तिकिटे निघून थोडे पैसे उरलेदेखील. वडील त्या दुखण्यातून उठले. पुढे कितीतरी वर्षे ते काटोलला संत्री खायला येत राहिले. परंतु परत आल्यावर मी पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर माझीही एक पिशवी शिवली. सासूबाईंच्या पिशवीशेजारी, त्याच ज्वारीत ती गेली. आम्ही दोघींनी त्यावर कधी चर्चा केली नाही. चोरांमध्येही इतका मुका समजूतदारपणा क्वचितच असेल.

चोर म्हणाले खरे. पण चोरी कशाची? गुजरीत भाव करून वाचलेले चार आणे, रद्दीचे दोन रुपये, शेजारणीच्या शेवया वळून दिल्याचे पाच. दुपारी काम आटोपले, की मी वाचीत पडे. लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’ मी तेव्हाच प्रथम वाचले. त्यांच्या घरी पैशाचा हिशेबच नाही. पती देऊन टाकण्यात राजा, आणि त्यांनी संसार कसा ओढावा! आमच्याकडे पै न् पैचा हिशेब. दोन टोकांची घरे. पण दोन्हीकडे बाईच्या हाती स्वतःचे असे काही नाही, हे एकच. हे मनात आले तेव्हा मला हसू आले आणि हसून झाल्यावर बरे वाटले नाही.

एका वर्षी आंबियाची फळे गोटीएवढी झालेली असताना गारपीट झाली. झाडाखाली हिरव्या फळांचा सडा आणि पानांच्या चिंध्या. व्यापारी बयाणा परत मागू लागला. त्याच वेळी धाकटे भाऊजी नागपूरला शिकत होते. त्यांची वसतिगृहाची आणि परीक्षेची मिळून साडेतीनशे रुपयांची रक्कम आठवड्यात भरायची होती. मामंजी वही उघडून नुसते बसून राहत. त्यांना तसे मी आधी कधी पाहिले नव्हते. कारण होते, रकाना होता आणि आकडाच नव्हता.

दुपारी आम्ही दोघींनी कोठी रिकामी केली. सासूबाईंचे दोनशे दहा, माझे एकशे चाळीस. बरोबर साडेतीनशे! देवाने मोजून ठेवल्यासारखे. पण हे पैसे द्यायचे कसे? दिले तर कारण विचारणार, आणि या वेळी कारण खर्चाचे नव्हे, जमेचे. शेवटी मी माझ्या भावाला वर्ध्याला लिहिले. तो आला आणि “ताईच्या घरची अडचण ती आमची अडचण” असे म्हणून आमचेच पैसे त्याने मोठ्या ऐटीत ह्यांच्या हातावर ठेवले.

नाटक इथेच संपले असते तर बरे होते. परंतु हे पडले मानी. मेव्हण्याचे कर्ज ठेवायचे नाही असा ह्यांनी पण केला. पुढच्या तीन दिवाळ्यांत भाऊबीजेला माझा भाऊ आला, की सकाळी हे त्याला बाजूला बोलावून पाकीट देत. शंभर, शंभर आणि तिसऱ्या वर्षी दीडशे. बिचारा भाऊ काय करणार? संध्याकाळी मी त्याला ओवाळले, की तेच पाकीट तो माझ्या ताटात टाकी. हे कौतुकाने म्हणत, “तुझा भाऊ दिलदार हो!” आणि सासूबाई पदर तोंडाला लावून आत जात. ताटातली लक्ष्मी रात्री पुन्हा ज्वारीत जाऊन निजे. साडेतीनशे रुपयांनी एवढी प्रदक्षिणा क्वचितच कुणा देवाला घातली असेल.

पुढे मामंजी गेले, मग सासूबाईही गेल्या. जाण्यापूर्वी त्यांनी आपली पिशवी माझ्या स्वाधीन केली. वही ह्यांच्याकडे आली, कोठी माझ्याकडे. घरात गॅस आला, मिक्सर आला, मुलगा शिकून नागपूरला नोकरीला लागला. हे मला पैशाला कधीही नाही म्हणाले नाहीत. कारणाचा रकानाही ह्यांनी आखायचे सोडून दिले. तरी पिशवीत दर महिन्याला थोडे टाकायची माझी सवय सुटली नाही. सुट्टे फार जागा खातात, म्हणून किराणेवाल्याकडून मी मोठ्या नोटा करून घेत असे. त्या शहाणपणानेच घात केला.

२०१६ ची दिवाळी झाली. लक्ष्मीपूजनानंतर नवव्या दिवशी, ८ नोव्हेंबरच्या मंगळवारी रात्री, पाचशेच्या आणि हजाराच्या नोटा मध्यरात्रीपासून चालणार नाहीत असे दूरदर्शनवर सांगण्यात आले. हे म्हणाले, “आपल्याकडे फार तर सात-आठ नोटा असतील.” मी काही बोलले नाही. रात्रभर मला डोळ्यासमोर कोठी दिसत होती.

सकाळी चहा झाल्यावर मी पिशव्या आणून ह्यांच्यापुढे ठेवल्या. ह्यांनी मोजले. हजाराच्या वीस, पाचशेच्या त्रेपन्न. शेहेचाळीस हजार पाचशे रुपये. मग हळूहळू सगळेच निघाले. वर्ध्याची तार, पिना, गारपीट, भाऊबीज. मला वाटले होते, हे हसतील. हे हसले नाहीत.

“म्हणजे तीस-पस्तीस वर्षे मी तुझ्या भावापुढे मिंधा होऊन वागलो, ते उगाच?” हे म्हणाले. आणि बऱ्याच वेळाने, अगदी हलक्या आवाजात, “मी तुला कधी नाही म्हटले होते का? मग हे कोणापासून लपवले?”

या प्रश्नाला उत्तर मला सुचले नाही. ह्यांच्यापासून नव्हते, हे खरे. पण ह्यांनाही सांगितले नव्हते, हेही खरेच. चांगल्या माणसापुढेसुद्धा हात पसरावाच लागतो, आणि हात पसरताना माणसाचा चांगुलपणा बोटांना कळत नाही, एवढेच काहीसे माझ्या मनात होते. पण बेचाळीस वर्षांच्या सोबत्याला असे तोंडावर कसे म्हणावे? त्या दिवशी आम्ही दोघांनी मुकाट्याने वरणभात खाल्ला.

बुधवारी बँका बंद होत्या. गुरुवारी सकाळीच आम्ही रांगेत जाऊन उभे राहिलो. पुरुषांची रांग वेगळी, बायकांची वेगळी. आमच्या रांगेत काय गंमत होती म्हणून सांगू! कुणाच्या नोटांना हळदीचा वास, कुणाच्या नोटा पापडाच्या डब्यातल्या म्हणून तेलकट, एकीच्या तर तांदळातल्या बोरिक पावडरने पांढऱ्या पडलेल्या. जिला विचारावे ती म्हणे, “भावाने दिले हो!” आणि सगळी रांग फुटल्यासारखी हसे. मला वाटे, साऱ्या काटोलचे भाऊ एवढे श्रीमंत केव्हा झाले?

हे मास्तर, कुणाची स्लिप अडली की ह्यांच्याकडे येई. नातेवाइकांच्या, शेजारच्या, ओळखीच्या-अनोळखी कितीतरी बायकांच्या स्लिपा ह्यांनी त्या दिवशी भरून दिल्या. तीन हजार, साडेसात हजार, अकरा हजार. ह्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या बायका आणि आयाही त्यांत होत्या. दुपारी घरी आल्यावर हात-पाय धुता धुता हे म्हणाले, “एकीचे असते, तर मी तिच्यात खोट काढली असती. पण सगळ्यांचेच आहे. म्हणजे खोट दुसरीकडे आहे.”

पुढे काही दिवसांत, गृहिणींनी अडीच लाखांपर्यंत भरले तर चौकशी होणार नाही, असे सरकारनेही सांगितले. सरकारलाही कोठ्या ठाऊक होत्या, तर! डिसेंबरात माझ्या एकटीच्या नावाचे पहिले खाते निघाले. तेव्हा मी साठी ओलांडली होती.

तेव्हापासून ह्यांना या विषयाची कात्रणे जमवण्याचा नाद लागला आहे. जमशेदपूरला १९८९ साली लागलेल्या आगीत अनेक गृहिणी गेल्या. त्यांच्या भरपाईच्या खटल्यात २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने मध्यम वयाच्या गृहिणीच्या घरकामाचे मोल महिना ३,००० रुपये धरले. २०१० च्या एका निकालात त्याच न्यायालयाने, घरकाम करणाऱ्या बायकांना जनगणनेत भिकारी आणि कैदी यांच्या ओळीत बसवल्याबद्दल खंत व्यक्त केली. आणि २०१९ साली सरकारने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली, तिच्यात घरकाम करणाऱ्या बाईचे त्या कामात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात, आणि करणाऱ्या पुरुषाची ९७, असे निघाले. हे वाचून दाखवून हे मला म्हणाले, “आपल्या घरी माझी सत्त्याण्णव कुठली? शिक्षक असताना मी सतरासुद्धा केली नसतील.”

मग ह्यांनी एक उद्योग केला. वही काढली आणि जमेच्या बाजूला लिहिले, ‘सौभाग्यवतीचे घरकाम, दरमहा ३,००० रुपये’, आणि ते १९७४ पासून वर्षांनी गुणू लागले. आकडा लाखांच्या घरात गेला, तसे हे थांबले. समोरच्या बाजूला लिहायला काहीच नव्हते. मामंजी असते, तर अशी न जुळणारी वही पाहून त्यांना आठ दिवस झोप लागली नसती. ह्यांनी मात्र ती तशीच मिटून ठेवली आणि उठून अंगण झाडले. झाडायला येत नाही, कोपरे सुटतात. पण गेली काही वर्षे अंगण ह्यांचेच आहे. लक्ष्मीपूजनाला पाटावर शिराई हे मांडतात आणि वही मी.

येथवर लिहून मी लेख संपवणार होते. घरात सारे सुरळीत झाले, दिवाळीच्या अंकाला शोभेलसा शेवटही मिळाला. परंतु गेल्या गणपतीतली एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला थांबता येत नाही.

आमची सून नोकरी करते. पगार चांगला आहे, खातेही तिच्याच नावाचे आहे. पैसे देते तेही मोबाईलवरून, नोट हातात दिसणे दुर्मीळ. गणपतीला ती दोघे काटोलला आली होती. जेवणे झाल्यावर मी तिला कोठीची ही सारी कथा सांगितली, तेव्हा ती पोट धरून हसली. म्हणाली, “आई, मला बाई असे लपवायची गरजच नाही. आमचा सगळा हिशेब दोघांच्या मोबाईलवर असतो. मी भाजी घेतली तरी ह्यांना लगेच कळते, आणि ह्यांनी पान खाल्ले तरी मला.”

मी म्हटले, “छान आहे हो.” आणि मला खरेच छान वाटले.

जायच्या दिवशी मी तिच्यासाठी डाळ भरत होते. ती कोठीघरात आली, दार थोडे लोटून घेतले. पर्समधून पाचशेच्या चार नोटा काढल्या आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, “आई, हे ज्वारीत ठेवाल? माझे म्हणून.”

माझ्या ओठांवर एक शब्द आला होता. मामंजींचाच शब्द. मी तो गिळला. पिशवीचे तोंड उघडून तिच्यापुढे धरले. कोठीत सारे काही मावते. फक्त कारणाचा रकाना तिथे नाही.